उघडता येणारे यंत्र

हिरवळ कापणारे पहिले यंत्र ज्याने घडवले, त्याच माणसाला जबडा कमीजास्त करता येणाऱ्या स्क्रू पान्याचेही श्रेय दिले जाते. एडविन बडिंग हे त्याचे नाव, इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड भागातला तो कारागीर. तिथल्या गिरण्यांत लोकरीच्या कापडावरची लव एकसारखी कातरणारी, फिरत्या पात्यांची यंत्रे असत. तशीच पाती जमिनीलगत फिरवली तर गवतही तसेच कातरले जाईल, हे बडिंगला सुचले आणि 31 ऑगस्ट 1830 रोजी त्याने पेटंट मिळवले. जॉन फेराबी या भागीदाराच्या ओतशाळेत ती यंत्रे तयार होऊ लागली, लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात एक पोहोचले, आणि 1832 मध्ये इप्सविचच्या रॅन्सम कंपनीने परवाना घेऊन ती बनवायला सुरुवात केली. यंत्र आणि पाना एकाच डोक्यातून निघाले यात योगायोग किती होता हे सोडून देऊ. पण पुढे दीडशे वर्षे मागून ढकलत न्यायचे हे यंत्र पान्याने उघडता येईल असेच बनत राहिले. आज इंग्लंड-अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे लॉन मोअर अडगळीतून काढून पुन्हा चालू करणारे पुष्कळ लोक आहेत. इंग्लंडमध्ये साउथपोर्टला तर मोअरचे स्वतंत्र संग्रहालयच आहे. या खटाटोपाकडे जुन्या वस्तूंची हौस म्हणून पाहिले जाते. मला त्यात सार्वजनिक धोरणाचा प्रश्न दिसतो. जुना मोअर दुरुस्त होतो तो जुना आहे म्हणून नाही. तो उघडता यावा, त्याचा भाग बदलता यावा, असे कारखान्यात आराखडा काढताना कुणीतरी ठरवले होते म्हणून तो दुरुस्त होतो. यंत्राचे आयुष्य असे विक्रीच्या आधीच ठरत असेल, तर त्याची जबाबदारीही तिथेच बांधली पाहिजे.

बंद पडलेला जुना पेट्रोल मोअर पुन्हा सुरू करताना काय काय करावे लागते ते नीट पाहिले की हा मुद्दा हाताला लागतो. बहुधा इंजिन मेलेले नसतेच. टाकीत राहून गेलेले पेट्रोल महिनोन्‌महिने उडत जाते आणि मागे राळेसारखा चिकट थर ठेवते. तो थर कार्ब्युरेटरच्या जेटमधले सुईच्या टोकाएवढे भोक बुजवतो. कार्ब्युरेटर बहुतेक इंजिनांवर दोन-चार स्क्रूंनीच धरलेला असतो. तो उतरवायचा, खोलून द्रावकात धुवायचा, हवेच्या झोताने भोके फुंकायची, गॅस्केट नवे घालायचे. एवढ्यावर अनेक यंत्रे बोलू लागतात. नाही बोलली तर ठिणगी पाहायची. जुन्या इंजिनांत फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात, त्यांच्या टोकांवर कळकट थर धरलेला असतो. तो बारीक पॉलिश कागदाने पुसून, दोन टोकांतले अंतर फीलर गेजने लावले की ठिणगी परत येते. मग दाब. दोरी ओढताना हाताला अडल्यासारखे लागत नसेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजायचे. हेड बोल्टांवर बसवलेले असते. ते काढले की आतली काजळी खरवडता येते, व्हॉल्व्हला ग्राइंडिंग पेस्ट लावून ते हातानेच घासून जागेवर बसवता येतात. पिस्टन जाम असेल तर प्लगच्या भोकातून पातळ तेल सोडून काही दिवस वाट पाहायची आणि मग फ्लायव्हील हळूहळू मागेपुढे हलवायचे, जोर लावायचा नाही. शेवटी पाते काढून त्याला धार लावायची आणि मधल्या भोकाने खिळ्यावर टांगून पाहायचे. एक बाजू खाली झुकली तर ती आणखी घासायची, नाहीतर त्या असमतोलाची थरथर बेअरिंग खाऊन टाकते. या साऱ्याला पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि फ्लायव्हील ओढून काढायचा एक पुलर लागतो. कंपनीची परवानगी कुठेच लागत नाही.

या इंजिनांतला एक भाग फार बोलका आहे. फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट यांच्या खाचेत एक छोटी चावी बसते, मुद्दाम मऊ धातूची. गवतात दडलेल्या दगडावर पाते आपटले की जो धक्का बसतो तो ही चावी स्वतःवर घेते आणि कापली जाते. ती थोडी जरी सरकली तरी ठिणगीची वेळ चुकते आणि इंजिन सुरू होत नाही. ज्याला ठाऊक नाही तो यंत्र गेले असे समजतो. ठाऊक असणारा फ्लायव्हील काढतो, नवी चावी घालतो, आणि महागडा क्रँकशाफ्ट बहुधा वाचलेला असतो. म्हणजे आराखडा काढणाऱ्याने यंत्र कधीतरी मोडणार हे मान्य केले होते, काय मोडावे हे ठरवले होते आणि जे मोडेल ते सर्वांत स्वस्त असावे अशी तजवीज केली होती. दुरुस्तीचा विचार करणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या 1908 साली स्थापन झालेल्या कंपनीने 1953 मध्ये ॲल्युमिनियमचे हलके इंजिन आणले आणि साध्या घरांपुढच्या हिरवळीवर मोटरचा मोअर परवडू लागला. तिच्या इंजिनांच्या पत्र्यावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन क्रमांक ठोकलेले असतात. मॉडेलचे सुरुवातीचे आकडे सिलिंडरचे घनफळ घन इंचांत सांगतात; कोडचे पहिले दोन आकडे इंजिन कोणत्या साली बनले ते सांगतात. रंग उडाला, स्टिकर गेले, कागदपत्रे हरवली, तरी पत्र्यावरचा क्रमांक घासून वाचला की नेमके कोणते गॅस्केट, कोणती रिंग लागेल ते कळते. 2020 मध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ती नव्या मालकांकडे गेली. त्या इंजिनांचे सुटे भाग मात्र मिळत राहिले, कारण त्याच मापाचे भाग इतरही कारखाने बनवतात. शिवाय 1982 मध्ये तिने पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणले, तेव्हा ते आधीच्या अनेक इंजिनांवरही बसवता येत होते. नवे तंत्र आले म्हणून जुने यंत्र टाकून द्यावे लागले नाही. दुरुस्तीयोग्य यंत्र म्हणजे गोठलेले यंत्र, असा जो समज आहे त्याला हे उत्तर आहे.

बडिंगच्या घराण्यातला हाताने ढकलायचा रीळ मोअर तर याहून साधा. चाकांच्या गतीवर पात्यांचे रीळ फिरते, खाली एक स्थिर पट्टी असते आणि दोघांच्या मध्ये गवत कात्रीसारखे कापले जाते. फिरते सपाट पाते गवताला झटका देऊन तोडते, रीळ कातरते. म्हणून क्रिकेटच्या खेळपट्टीवर आणि गोल्फच्या हिरवळीवर आजही रीळच वापरतात. अशा मोअरला धार लावायची पद्धत सुंदर आहे. पात्यांना कार्बोरंडमची पेस्ट लावून रीळ उलट्या दिशेने फिरवायचे. फिरती पाती आणि खालची पट्टी एकमेकींना घासून एकमेकींच्या जोडीच्या होतात. मग पेस्ट धुऊन, पट्टीचे स्क्रू जरा जरा कसत जायचे आणि वर्तमानपत्राची चिंधोटी मध्ये धरून रीळ फिरवायचे. कागद पूर्ण लांबीवर स्वच्छ कापला गेला की काम झाले. यात तेल-ग्रीस सोडले तर इंधन नाही, धूर नाही, आवाज जेमतेम. शंभर वर्षांपूर्वीचे ओतीव लोखंडी रीळ मोअर आजही याच रीतीने कामाला लागतात.

ऑस्ट्रेलियातले उदाहरण थोडक्यात सांगतो. मर्विन व्हिक्टर रिचर्डसन या गृहस्थाने 1952 मध्ये सिडनीच्या काँकर्ड उपनगरात आपल्या घरच्या गॅरेजमध्ये भंगारातून एक मोअर जोडला. दोन-स्ट्रोक इंजिन आडवे टाकलेले आणि इंधनाची टाकी म्हणून पीचच्या फोडींचा रिकामा डबा. त्यातून व्हिक्टा कंपनी उभी राहिली, आणि हे यंत्र त्या देशाच्या घरगुती जीवनात इतके मुरले की 2000 च्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात मोअरची मोठी तुकडीच मैदानात उतरवली होती. भंगारातून जे जोडता येते ते खोलताही येते. सामान्य मापाचे भाग वापरले की यंत्राचे ज्ञान कंपनीबाहेर राहते, गल्लीतल्या गॅरेजपर्यंत पोहोचते, हा त्या डब्यातला खरा ऐवज.

आता आजचे यंत्र पाहा. स्क्रूच्या जागी एकदाच बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुंट्या आल्या. कार्ब्युरेटर, मोटर, गिअर हे भाग सुटे न विकता अख्ख्या जोडणीसह विकले जातात, म्हणून एका वॉशरसाठी पूर्ण जोडणी घ्यावी लागते. बॅटरीवरच्या मोअरमध्ये एका कंपनीचा बॅटरी पॅक दुसरीच्या यंत्रावर बसत नाही. पॅकमधला एक सेल गेला तर दुरुस्ती नाही, नवा पॅक, आणि त्याची किंमत यंत्राच्या मोठ्या हिश्शाएवढी. मॉडेल बंद झाले आणि पॅक मिळेनासा झाला की चांगली मोटर, चांगले पाते, चांगली चाके सगळे भंगारात. यातली प्रत्येक गोष्ट तांत्रिक गरजेपोटी आलेली नाही. इलेक्ट्रिक मोटरमध्ये पेट्रोल इंजिनापेक्षा झिजणारे भाग कमी असतात. ना कार्ब्युरेटर, ना व्हॉल्व्ह, ना रिंगा. हिशेबाने विजेचा मोअर आजोबांच्या मोअरपेक्षा सोपा दुरुस्त व्हायला हवा. तो होत नसेल तर आराखड्यातच शोधावे लागेल की तो का होत नाही.

फ्रान्सने हा शोध कायद्याने घ्यायला लावला. 1 जानेवारी 2021 पासून तिथे काही वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचा दहापैकी गुणांक छापणे सक्तीचे झाले. पहिल्या यादीत पाच प्रकारच्या वस्तू होत्या: स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, समोरून उघडणारी धुलाई यंत्रे आणि विजेचे लॉन मोअर. मोअर त्या यादीत असावा हे मला महत्त्वाचे वाटते, कारण गुणांक फक्त चकचकीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी नाही, अंगणात वापरायच्या अवजारांसाठीही आहे, हे त्यातून ठरले. गुण पाच बाबींवर देतात: दुरुस्तीची माहिती आणि आकृत्या कुणाला, किती वर्षे मिळणार, यंत्र किती पायऱ्यांत आणि कोणत्या हत्यारांनी खोलता येते, सुटे भाग किती वर्षे आणि किती दिवसांत मिळणार, त्या भागांची किंमत नव्या यंत्राच्या किमतीच्या मानाने किती, आणि त्या त्या वस्तूला लागू असणाऱ्या खास बाबी. चौथी बाब सर्वांत मोलाची. भाग मिळतो, पण त्याची किंमत नव्या यंत्राच्या निम्मी असेल तर तो मिळूनही न मिळाल्यासारखाच. या पद्धतीत उणिवा आहेत. गुण कंपनी स्वतःच काढते, आणि कागदपत्रांत भरघोस गुण मिळवून खोलण्यातली अडचण झाकता येते, अशी टीका तिथे झाली. तरी दुकानात दोन मोअर शेजारी ठेवलेले असताना एकावर 8 आणि दुसऱ्यावर 5 लिहिलेले दिसणे, हा ग्राहकाच्या हाती आलेला पहिला खरा आकडा आहे. 2025 मध्ये टीव्ही आणि धुलाई यंत्रांसाठी फ्रान्स आणखी पुढे गेला आणि टिकाऊपणाही मोजू लागला.

या भूमिकेवर सर्वांत वजनदार आक्षेप पर्यावरणाचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. छोटी पेट्रोल इंजिने फार घाण सोडतात. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाच्या हिशेबाप्रमाणे एक व्यावसायिक मोअर तासभर चालवला तर धुरके निर्माण करणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे नेहमीची मोटरगाडी सुमारे 300 मैल, म्हणजे जवळपास 480 किलोमीटर, चालवल्यावर होते. म्हणूनच 2021 मध्ये त्या राज्याने कायदा केला आणि 2024 पासून नव्या छोट्या इंजिनांना शून्य उत्सर्जनाची अट लागू झाली. मग पन्नास वर्षांपूर्वीचे धुराडे दुरुस्त करून पुन्हा हवेत सोडायचे कशाला? या प्रश्नात तथ्य आहे. जो रोज आठ तास गवत कापतो त्याने जुने पेट्रोल इंजिन चालवत राहावे असे मी म्हणणार नाही. त्याच्या स्वतःच्या फुप्फुसांसाठीही नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. कॅलिफोर्नियाचा कायदा नव्या विक्रीला लागू आहे, लोकांकडे असलेले यंत्र तो हिसकावून घेत नाही. चालू यंत्र अकाली मोडीत काढण्यालाही पर्यावरणाची किंमत असते. आणि माझा आग्रह पेट्रोलचा नाहीच, उघडता येण्याचा आहे. पेट्रोलकडून विजेकडे जाताना आपण दुरुस्ती गमावली तर एक कचरा संपवून दुसरा निर्माण करू. 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा 2024 चा अहवाल सांगतो. पाच वर्षांत पॅक संपून फेकला जाणारा मोअर या ढिगात भर घालतो. ज्याचा पॅक खोलून सेल बदलता येतात तो वीस वर्षे धूर न सोडता चालेल. पर्यावरणाचा आक्षेप शेवटपर्यंत नेला तर तो दुरुस्तीच्या बाजूने येऊन उभा राहतो.

दुसरा आक्षेप पैशांचा. श्रीमंत देशांत मेकॅनिकच्या दोन-तीन तासांच्या मजुरीत नवा स्वस्त मोअर येतो, मग दुरुस्तीचा हट्ट कशाला, असे विचारतात. तिथल्यापुरते हे गणित खरे आहे, म्हणूनच तिथे जुना मोअर उघडणारे बहुतेक जण स्वतःच्या वेळेचा हिशेब लावत नाहीत. आपल्याकडे गणित उलटे आहे. इथे कुशल हात स्वस्त आहे, खरे म्हणजे हवा त्याहून फार स्वस्त आहे. अडते ते सुट्या भागांवर आणि माहितीवर. गावातला मेस्त्री मोटर गुंडाळून देतो, लेथवर शाफ्ट घडवून देतो, पण कंपनीने फक्त स्वतःच्या सेवा केंद्राला दिलेला भाग त्याच्या हाती येत नाही. ही तक्रार नुसती भावना नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटर कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठी: सुटे भाग, निदानाची साधने आणि तांत्रिक माहिती खुल्या बाजारातल्या गॅरेजना न देता त्यांनी ग्राहकाला बांधून ठेवले होते. पुढे अपिलात काहींचा दंड घटला, पण सुटे भाग अडवणे म्हणजे बाजारातल्या ताकदीचा गैरवापर, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत उतरले. मोटरगाडीला जे लागू ते शेतातल्या आणि बागेतल्या लहान यंत्राला लागू न होण्याचे कारण मला दिसत नाही. महाराष्ट्राला तर दुरुस्ती ही अर्थव्यवस्थेतली वेगळी, नेमलेली जागा असते हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. लोहार आणि सुतार वर्षभर कुणब्याचा नांगर, कुळव, पाभर शेवटत-सांधत आणि खळ्यावर त्याचे बलुते घेत. त्या व्यवस्थेत जातीची जी सक्ती होती ती गेली हे फार चांगले झाले. पण अवजार आणि ते दुरुस्त करणारा ही जोडी एकत्रच असते, ही त्यातली समज गमावण्याचे कारण नव्हते. खंडेनवमीला आपण पाना, हातोडी, लेथ यांना हळदकुंकू लावतो. त्या पान्याला आता बसायला बोल्टच मिळेनासा झाला आहे.

सुरक्षिततेचा आक्षेपही ऐकायला हवा, कारण मोअर हे बोटे आणि पाय तोडू शकणारे यंत्र आहे. अमेरिकेत 30 जून 1982 नंतर बनलेल्या मागून ढकलायच्या मोअरला अट आहे की हँडलवरची पट्टी सोडताच पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे. त्याआधीच्या यंत्रांत ही सोय नाही, आणि दुरुस्त करून देणाऱ्याने ही उणीव सांगितली पाहिजे, सार्वजनिक बागेत असे यंत्र वापरू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र कंपन्या या मुद्द्यावरून जे अनुमान काढतात ते चूक आहे. बाहेरच्या माणसाने हात लावला की धोका, म्हणून माहितीच देऊ नये, असे त्यांचे म्हणणे. उघडायचे तर लोक उघडतातच. आकृती नसली तर अंदाजाने उघडतात. ब्रेकची केबल कशी बसते हे छापील माहितीत नसेल तर ती तारेने बांधून टाकली जाते आणि तीन सेकंदांची अट कागदावर राहते. सर्वप्रथम प्लगची वायर काढा मगच पात्याला हात लावा, ही एक ओळ सेवा पुस्तिकेत मराठीत छापलेली असणे हे पुस्तिका दडवून ठेवण्यापेक्षा अधिक बोटे वाचवील. मालकी हक्काच्या तंत्राची चोरी होईल, ही भीती तर इथे टिकतच नाही. गॅस्केटच्या मापात किंवा बेअरिंगच्या क्रमांकात गुपित काही नसते.

आपल्याकडे दुरुस्तीचा हक्क हा विषय नवा नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे व मोटरगाड्या अशी चार क्षेत्रे ठरवली. 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीची माहिती एकत्र देणारे संकेतस्थळही सुरू झाले. मे 2025 मध्ये दुरुस्तीयोग्यता गुणांकाचा आराखडा तयार करणाऱ्या समितीने अहवाल दिला, पण तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा. चार क्षेत्रांत पहिले नाव असलेली शेती अवजारे गुणांकाच्या वाटेवर मागे राहिली. इथे मोअरचा आणि आपला खरा सांधा आहे. शोभेची हिरवळ आपल्याकडे थोड्यांच्या दारात असते. पण मोअरची भावंडे म्हणावीत अशी यंत्रे, मागून चालवायचा पॉवर टिलर, पॉवर वीडर आणि खांद्याला अडकवायचा ग्रास कटर, कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांपासून पश्चिम महाराष्ट्रातल्या मळ्यांपर्यंत पोहोचली आहेत. इंजिन त्याच जातीचे, रोग तेच. ग्रास कटर बेणणीच्या हंगामात चालतो आणि पुढे महिनोन्‌महिने माळ्यावर पडून राहतो, टाकीत पेट्रोल तसेच. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले आहे; इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या प्रकारच्या रबराला त्रास देते, म्हणून कार्ब्युरेटरमधला नखाएवढा पातळ पडदा आणि इंधनाची नळी यांची गरज वाढणार आहे. तो पडदा काही रुपयांचा. तो तालुक्याला मिळाला नाही तर काही हजारांचे यंत्र पुढच्या पावसाळ्यात बंद आणि शेतकरी पुन्हा मजूर शोधत.

या यंत्रांच्या बाबतीत सरकारला नवा कायदा होईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. कृषी यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उपअभियानातून 2014-15 पासून अशा यंत्रांच्या खरेदीला अनुदान मिळते. महाराष्ट्रात शेतकरी त्यासाठी महाडीबीटीवर अर्ज करतो. अनुदानाच्या यादीत यायचे तर यंत्राची मान्यताप्राप्त केंद्रावर चाचणी व्हावी लागते. मध्य प्रदेशातल्या बुदनीची केंद्रीय संस्था हे काम वर्षानुवर्षे करते आहे. तिथे इंजिनाची ताकद, इंधनाचा खप, थरथर, आवाज मोजतात. त्याच चाचणीत आणखी एक टेबल मांडता येईल: मेस्त्रीकडे असतात तेवढ्याच हत्यारांनी यंत्र खोलून दाखवायचे, किती वेळ लागला ते नोंदवायचे, आणि कार्ब्युरेटरचा पडदा, गॅस्केट, पाते, केबल, क्लच, बॅटरीचे सेल यांपैकी प्रत्येकाची किंमत व तो भाग किमान पंधरा वर्षे मिळेल याची लेखी हमी कंपनीकडून अहवालाला जोडून घ्यायची. तो अहवाल मराठीत कृषी सहायकाच्या हाती द्यायचा आणि गुण दुकानात यंत्रावर चिकटवायचे. जी कंपनी हमी देणार नाही तिने यंत्र जरूर विकावे, पण करदात्याच्या पैशाविना. इंजिनाच्या पत्र्यावर मॉडेल आणि सालाचा क्रमांक खोल ठोकलेला असावा, रंग उडाला तरी वाचता येईल असा, ही अटही त्याच यादीत घालावी.